साडूंचा जबडा आणि ताईंचे गुडघे

आमच्या थोरल्या साडूंना ज्यांनी ज्यांनी आजवर मारलेलं नाही, त्या सर्व पुणेकरांचा एकदा जाहीर सत्कार व्हायला हवा. शाल, श्रीफळ, आणि वर्गणी जमली तर पगडीसुद्धा. कारण त्यातल्या प्रत्येकाची मूठ कधी ना कधी वळलेली आहे, आणि प्रत्येकानं ती मोठ्या मनानं पुन्हा उघडून खिशात घातलेली आहे. सत्काराच्या रांगेत पहिला मी उभा राहीन. लग्न झाल्यापासून मी साडूंवर हात उचललेला नाही. याचं श्रेय माझ्या संस्कारांना की माझ्या बायकोच्या नजरेला, या तपशिलात आपण जायला नको.

साडू हे नातंच मुळात गमतीचं. एकाच परीक्षेला बसलेले दोन विद्यार्थी. एकमेकांचे पेपर किती अवघड गेले, हे फक्त त्या दोघांनाच कळतं. आमच्या बाबतीत मात्र पेपर अवघड गेला तो ताईंना. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. बायको त्यांना ताई म्हणते म्हणून मीही म्हणतो. साडूंना मी 'अहो साडू' म्हणतो आणि ते मला 'धाकटे' म्हणतात, तेही असं की जणू हे माझं नाव नसून माझ्याबद्दलचं मत आहे.

आमची पहिली भेट माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात झाली. माझे काका पोह्यांची बशी हातात घेऊन माझं कौतुक करत होते. मुलगा शिकलेला आहे, घर स्वतःचं आहे, वगैरे झाल्यावर त्यांनी हुकमाचं पान टाकलं, की मुलाला सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक काटकुळे गृहस्थ बसले होते. त्यांनी अत्यंत आदरानं विचारलं, "मग वेळ कसा घालवतात?" सगळ्यांनी बशीत माना घातल्या. मी एकटा हसलो. पुढे कळलं की त्या हसण्यावरच माझं लग्न ठरलं. 'याला कळतं' एवढाच शेरा साडूंनी आतल्या खोलीत जाऊन दिला होता.

साडू रागीट आहेत असा कुणाचा समज झाला असेल तर तो चूक आहे. रागावलेला माणूस आवाज चढवतो, हातवारे करतो, शिवी देतो. साडूंच्या मते शिवी म्हणजे कच्चा माल, ज्याला कारागिरी जमत नाही त्यानं तो तसाच विकावा. त्यांचा टोमणा आवाज न चढवता, 'अहो' आणि 'आपण' यांच्या वेष्टनात यायचा. डावी भुवई जराशी वर जायची, वाक्य पडायचं, आणि लगेच ते खिडकीबाहेर बघू लागायचे, जणू बोलणारा माणूस नुकताच तिकडून निघून गेला आहे. समोरच्याला टोमणा लागायला थोडा वेळ लागे. कित्येकांना तो घरी गेल्यावर, आंघोळीच्या वेळी लागे.

त्यांचं बुधवार पेठेत रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. गिऱ्हाईकानं विचारलं, यापेक्षा स्वस्त आहे का, तर साडू म्हणत, "आहे ना. घेऊ नका, फुकट पडेल." एकदा एका गृहस्थांनी पंख्याचा कपॅसिटर हातात धरून, उलटसुलट करून, उजेडात नेऊन बघितला आणि विचारलं, याची गॅरंटी किती? साडूंनी त्यांच्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "आपली किती आहे ते सांगा, तेवढी देतो." आश्चर्य म्हणजे दुकान चालायचं. लांबलांबून लोक यायचे. त्यातल्या निम्म्यांना वस्तू हवी असायची आणि निम्म्यांना बरोबर आणलेल्या पाहुण्याला साडू दाखवायचे असायचे.

पुढे दुकान विकून ते धायरीत राहायला गेले. सोसायटी अशा काळात बांधलेली, की तेव्हा धायरीत लिफ्ट लावणं म्हणजे गावकऱ्यांना कमी लेखणं वाटलं असावं. घर तिसऱ्या मजल्यावर. शेजारच्या फ्लॅटमधला संगणकवाला तरुण पहिल्याच दिवशी ओळख करून घ्यायला आला आणि म्हणाला, "अंकल, अॅक्चुअली माझं परमनंट वर्क फ्रॉम होम आहे." साडूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असू द्या. आमचा मुलगाही बरेच दिवस घरीच होता. लागेल हळूहळू." तो तरुण अजून ताईंना जिन्यात भेटला की भाजीची पिशवी वर नेऊन देतो, पण साडू दिसले की एक मजला खाली जाऊन थांबतो.

या सगळ्याची झळ कधीतरी बसणार होतीच, आणि ती पहिल्यांदा बसली विम्याच्या बाबतीत. मेडिक्लेमचा एजंट दर वर्षी न चुकता घरी यायचा, हप्ता न्यायचा. एके वर्षी चहा पिता पिता तो भावुक झाला आणि म्हणाला, काका, देव न करो, पण उद्या तुम्हाला काही झालं तर? साडू म्हणाले, "तर तुमचं येणं थांबेल. वाईटातून चांगलं." त्याचं येणं त्याच दिवसापासून थांबलं. हप्त्याची आठवण करायला कुणी उरलं नाही, आणि पॉलिसी बंद पडली. घरात जी काही शिल्लक होती ती ताईंच्या गुडघ्यांसाठी म्हणून बाजूला काढलेली होती. ताईंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तीन मजले चढताना त्या प्रत्येक वळणावर थांबत आणि भिंतीवरची रंगाची ढलपी बघत असल्याचं नाटक करत. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की दोन्ही बदला आणि फार लांबवू नका. दिवाळी झाली की ऑपरेशन, असं ठरलं होतं.

दिवाळीच्या आधी हास्यसंघ आला.

सोसायटीच्या मागच्या बागेत साडू रोज सकाळी ठरावीक बाकावर बसून पेपर वाचत. त्याच बागेत धायरीतल्या ज्येष्ठांनी हसायला सुरुवात केली. हात वर, डोळे मिटलेले, आणि पोटातून हाहाहा. त्यांचे प्रमुख यवतमाळकडचे, वीज खात्यातून निवृत्त झालेले, मुलाच्या नोकरीमुळे पुण्यात आलेले एक धिप्पाड गृहस्थ. मनानं लोण्याचा गोळा. बागेतल्या मांजरालाही 'अहो, जरा सरका' म्हणणारा माणूस. त्यांना साडूंचं एकटं बसणं बघवेना. ते रोज जवळ येऊन आग्रह करायचे, या ना साहेब, हसल्यानं आयुष्य वाढते. साडू पेपरातून मान न काढता म्हणायचे, "वाढत असेल. पण ते आमच्यातून कापून जातं." प्रमुखांना वाटायचं हा विनोद आहे, आणि ते खळाळून हसायचे. साडूंचा हा आयुष्यातला पहिलाच पराभव होता. एका माणसाला त्यांचा टोमणा लागतच नव्हता. पावसाळाभर हे चाललं. साडू माझ्याकडे येऊन तक्रार करायचे, की धाकटे, कातडी जाड आहे म्हणावं तर तसंही नाही, माणूस मनापासून हसतो हो.

आणि मग ती सकाळ आली. संघाच्या सुरुवातीला प्रमुख नेहमी दोन शब्द बोलत. त्या दिवशी ते म्हणाले, "मित्रहो, या हसण्यानं मी माझं दुःख विसरलो." मंडळींनी हात वर केले, डोळे मिटले, हाहाहा सुरू झालं. त्या गदारोळात बाकावरून साडू हळूच म्हणाले:

"विसरलात कुठं? वाटून टाकलंत."

प्रमुख चालत बाकापर्यंत आले आणि त्यांनी एक ठोसा लगावला. एकच. वीज खात्यात आयुष्यभर खांबांवर चढलेल्या हाताचा. साडूंचा जबडा दोन ठिकाणी मोडला.

दवाखान्यात वरचे आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले आणि सांगितलं, की काही आठवडे तोंड उघडायचं नाही. ही बातमी बुधवार पेठेत पोचली तेव्हा काही जुन्या दुकानदारांनी आपसांत पेढे वाटले असं मी ऐकलं. खरंखोटं देव जाणे. साडूंना लिहायला म्हणून नातवाची मॅजिक स्लेट दिली. पुण्याला पाट्या काही नव्या नाहीत, पण दवाखान्याच्या कॉरिडॉरमधून सलाइनच्या स्टँडसकट चालणारी पाटी मी पहिल्यांदा पाहिली. अडचण अशी होती की टोमणा भज्यासारखा असतो, गरम असतानाच द्यावा लागतो. डॉक्टर फेरीला आले आणि म्हणाले, दुखतंय का? साडूंनी भराभर लिहिलं, 'नाही, हौस म्हणून बांधून घेतलंय.' मान वर केली तर डॉक्टर दोन खाटा पुढे गेलेले. साडू पाटी घेऊन त्यांच्या मागे. तिथे डॉक्टर दुसऱ्या पेशंटला बद्धकोष्ठाबद्दल विचारत होते, आणि ती पाटी त्या बिचाऱ्याला उद्देशून आहे असा सगळ्यांचा समज झाला.

खाणं म्हणजे स्ट्रॉमधून जेवढं जाईल तेवढं. ताई पेज करून न्यायच्या, वरणाचं पाणी न्यायच्या. एके दिवशी पाटीवर 'मिसळ' असा शब्द आला. ताईंनी मिसळ मिक्सरमधून काढली, गाळली आणि ग्लासात भरून दिली. साडूंनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि लिहिलं, 'चव तीच. अर्थ हरवला.'

मला त्यांनी घटनेची हकिकत पाटीवरच सांगितली. मी एकटा भेटायला गेलो होतो. त्यांनी आधी प्रमुखांचं वाक्य लिहिलं, मला वाचू दिलं, पुसलं. मग आपलं चार शब्दांचं वाक्य लिहिलं आणि पाटी माझ्यासमोर धरली. मी मोठ्यानं हसलो, नर्स धावत आली. तारांनी बांधलेल्या त्या तोंडावर मी जो आनंद पाहिला, तो नातू झाल्याच्या दिवशीही पाहिला नव्हता. मग त्यांनी पुन्हा लिहिलं, 'कुणीच ऐकलं नाही.'

दुखणं हे होतं. जबड्याचं नव्हे. आयुष्यातलं सर्वोत्तम वाक्य सुचलं, आणि त्या क्षणी सगळी बाग डोळे मिटून हसत होती. पोलिसांनी पंचनामा केला तेव्हा एकाही ज्येष्ठाला काही सांगता येईना. साक्षीदार हसत होते, अशी नोंद झाली. हवालदारांनी दवाखान्यात येऊन साडूंना विचारलं, त्यांनी तुम्हाला का मारलं? साडू उत्साहानं लिहायला लागले. पहिला शब्द उमटतो न उमटतो तोच ताईंनी पाटी काढून घेतली, सर्रकन पुसली आणि हवालदारांना म्हणाल्या, "पेपर वाचत होते हो." तक्रार तशीच नोंदली गेली. आणि गंमत अशी, की खुद्द प्रमुखांनीही तसंच सांगितलं. साहेब काही बोलले नाहीत, माझंच डोकं फिरलं.

दवाखान्याच्या बिलानं गुडघ्यांची शिल्लक पार खाऊन टाकली. ऑपरेशनची तारीख रद्द करायला फोन केला तो ताईंनी जिन्यात जाऊन केला. मी खालून वर येत होतो, म्हणून मला ऐकू आला. पलीकडच्याला त्या सांगत होत्या, की घाई नाही हो, चालतंय अजून. आणि फोन ठेवून एका पायरीवर बसून राहिल्या.

मग मी नुकसानभरपाईच्या मागे लागलो. माझ्या मित्राची पुतणी वकील आहे. मुलगी हुशार, चटपटीत, आणि साडूंशी आधी ओळख नसल्यानं उत्साही. तिनं कागद पाहिले आणि म्हणाली, केस सरळ आहे. म्हातारा माणूस बाकावर पेपर वाचतोय, धडधाकट माणूस येऊन जबडा मोडतो, आणि कबूलही करतो. औषधपाण्याचा सगळा खर्च मिळायला हवा. फक्त एक सांभाळायचं. तुमच्याकडून काही चिथावणी झाली असं निघालं तर समोरची बाजू रक्कम कमी करून मागणार. तेव्हा आपण होऊन काही बोलायचं नाही.

साडूंनी पाटी उचलली. 'मग त्यांनी काय माझा चेहरा बघून मारलं?'

वकीलबाई म्हणाली, "काका, चेहऱ्यावरच मारलंय. तेवढाच आपला मुद्दा आहे."

साडूंनी तिच्याकडे प्रथमच आदरानं पाहिलं. पण त्यांचं समाधान झालं नाही. त्यांचं म्हणणं असं, की आपल्याला उगाच मारलं हे कागदोपत्री येणं हा अपमान आहे. उगाच कुणीही मार खातो. आपल्याला वाक्यासाठी मारलंय. तारा निघाल्यावर पहिल्यांदा तोंड उघडता आलं, तेव्हा ते आरशासमोर उभे राहून तेच चार शब्द म्हणून बघत होते, असं ताईंनी माझ्या बायकोला सांगितलं. 'विसरलात'वर जोर द्यावा की 'कुठं'वर, यावर त्यांनी माझा सल्लाही घेतला. मी दर वेळी एकच उत्तर द्यायचो, "साडू, गुडघे." ते खिडकीबाहेर बघायचे, पण नेहमीसारखं नाही.

कोर्टानं सुचवलं की आधी मध्यस्थीत बसा, भरपाईचं तिथे बघा. त्या दिवशी रिक्षात आम्ही तिघे होतो, साडू, वकीलबाई आणि मी. वकीलबाईनं वाटेत त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की विचारलं तेवढंच बोलायचं. साडूंनी मान डोलावली. पण मी या माणसाला ओळखतो. त्यांची डावी भुवई आतल्या आत सराव करत होती.

मध्यस्थीची खोली म्हणजे एक टेबल, पंखा, आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा घातलेल्या एक वयस्कर बाई. प्रमुख वकील न घेता एकटेच आले होते. माणूस निम्मा झाला होता. हास्यसंघ त्यांनी त्या दिवसापासून बंद केला होता. आल्या आल्या त्यांनी साडूंना वाकून नमस्कार केला, आणि बाईंना म्हणाले, की जेवढा खर्च आला तेवढा मी देणार, पेन्शनीतून देणार, वाद नाही.

वकीलबाईनं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मला तर दोन्ही गुडघे डोळ्यांसमोर नवे कोरे दिसू लागले.

पण मध्यस्थ बाई आयुष्यभर माणसं बघितलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, की तुम्ही एका पेपर वाचणाऱ्या माणसाला काही न बोलता का मारलं, एवढं मला कळलं तर बरं. प्रमुखांनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग त्यांचं पुण्यातलं जपून वापरलेलं मराठी सुटलं आणि गावाकडचं आलं.

"त्या दिवशी तिले जाऊन वर्ष झालं होतं, मॅडम. माझ्या बायकोले. इथं पुण्यात आलो अन् चार महिन्यांत गेली. घरी बसवत नव्हतं म्हणून तो संघ काढला. कोणाले सांगितलं नाही. त्या दिवशी सकाळपासून सगळ्याइले हसवत होतो अन् मलेच हसू येत नव्हतं. डोकं फिरलं. साहेब काही बोलले नाही."

मी साडूंकडे पाहिलं. भुवई जागच्या जागी होती.

"हे खोटं बोलतायत," साडू म्हणाले.

वकीलबाईनं टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. मला तो कळला, कारण तो चुकून माझ्या पायावर पडला.

"मी बोललो होतो," साडू म्हणाले, आणि त्यांनी ते सांगितलं. आधी प्रमुखांचं वाक्य, मग आपलं. खिडकीबाहेर बघितलं नाही. कशावर जोर दिला नाही. इतके महिने सराव केलेले ते चार शब्द त्यांनी असे ठेवले, जसा कुणी दुसऱ्याच्या घरातून उचलून आणलेला चमचा परत टेबलावर ठेवतो. मी त्या वाक्याला पूर्वी मोठ्यानं हसलो होतो. त्या खोलीत ते ऐकताना मला पाणी प्यावंसं वाटलं.

यानंतर जे झालं त्याला कायद्याच्या पुस्तकात नाव नसावं. प्रमुख म्हणाले, मी असं काही ऐकलंच नाही. साडू म्हणाले, आपण स्पष्ट ऐकलंत, चालत आलात ते ऐकूनच आलात. प्रमुख म्हणाले, मले कानानं कमी ऐकू येते. साडू म्हणाले, मग संघात मांजर ओरडलं तरी थांबायचात ते कसं? प्रमुख पूर्ण खर्च देतो म्हणत, साडू अर्ध्याच्या वर घेणार नाही म्हणत. आवाज चढले. माझ्या आयुष्यात मी देणाऱ्याला जास्त आणि घेणाऱ्याला कमी यावरून इतकं पेटलेलं भांडण पाहिलं नव्हतं. वकीलबाईनं कपाळाला हात लावला होता. शेवटी मध्यस्थ बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं खुर्च्या बदलून बसता का? मला सोयीचं पडेल."

अर्ध्यावर मिटलं. मारामारीचा खटलाही कोर्टाच्या परवानगीनं मागे घेतला गेला. बाहेर आल्यावर प्रमुखांना काहीतरी बोलायचं होतं, साडूंनाही होतं. दोघांनी एकमेकांना पुन्हा नमस्कार केला आणि दोन वेगळ्या रिक्षा पकडल्या.

परतीच्या वाटेवर साडू एकदाच बोलले. "धाकटे, तुमच्या ताईंना तुम्हीच सांगा." तीन मजले मी त्यांच्या पुढे चढलो. ताई मेथी निवडत बसल्या होत्या. मी अर्ध्याचं सांगितलं. कारण सांगायच्या आत त्यांनी विचारलं, "बोललात ना तुम्ही?" साडू दारातच चपला काढत उभे होते. ते म्हणाले, हो. काय बोललात, असं ताईंनी विचारलं नाही. या माणसाला इतके महिने त्या वाक्यासाठी एक श्रोता हवा होता आणि त्या घरात दोघांनीही ते पुन्हा उच्चारलं नाही. ताईंनी मेथीची एक काडी मोडली, थोडा हिशेब केला आणि म्हणाल्या, "मग डावा करून घेऊ. उतरताना तो जास्त छळतो."

अशा रीतीनं ताईंना एक गुडघा नवा मिळाला. एका वाक्याची किंमत एक गुडघा, असं मी माझ्या बायकोला म्हणालो, तर तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. आता ताई तीन मजले चढताना डाव्या पायावर भरभर आणि उजव्यावर हळू अशा चढतात, त्यामुळे जिन्यात एक वेगळाच ताल ऐकू येतो. साडू त्यांच्या एक पायरी पुढे असतात. दुसऱ्या गुडघ्यासाठी पुन्हा थोडं थोडं बाजूला पडतंय. हास्यसंघ परत सुरू झाला आहे. साडू त्याच बाकावर असतात. प्रमुख आता आग्रह करत नाहीत, लांबून हात वर करतात, साडू पेपर जरासा खाली करतात. मैत्री म्हणावी असं त्यात काही नाही.

पण साडू बदलले. आता कुणी काही बोललं की त्यांची डावी भुवई वर जाते, ओठ हलतात, आणि मग हात आपोआप जबड्याकडे जातो. तिथे तो क्षणभर राहतो, आणि तेवढ्यात वाक्य मरतं. त्या एका क्षणात या शहरानं किती उत्तम वाक्यं गमावली, याची मोजदाद कोण करणार? बुधवार पेठेतले जुने दुकानदार मला भेटले की विचारतात, आले नाहीत बऱ्याच दिवसांत, बरे आहेत ना? पेढे वाटलेलेच लोक हे.

मागच्या रविवारी माझ्यानं राहवलं नाही. मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो आणि सोफ्यावर बसून, अगदी ताटात वाढून द्यावं तसं, म्हणालो, "अहो साडू, मी विचार करतोय, आता या वयात गाणं शिकावं." इतका सोपा चेंडू माणूस झोपेतसुद्धा सोडणार नाही. भुवई वर गेली. मी श्वास रोखला. हात जबड्याकडे गेला. मग ते म्हणाले, "चांगलं आहे. चहा घ्या." ताई उठायला लागल्या, तर त्यांना बसायची खूण करून ते स्वतःच आत गेले.

मला इतकं वाईट वाटलं, की मी ताईंना म्हणालो, हे काय झालं हो यांचं, अगदी गेले की हातचे.

ताईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत भांड्यांचा आवाज होत होता. मग त्या माझ्याकडे किंचित वाकल्या. आजवर या बाईंना मी नवऱ्याच्या एकाही टोमण्याला हसताना पाहिलेलं नाही.

"गेले बिले काही नाहीत," त्या म्हणाल्या. "जेवणं झाली की मला सांगत बसतात, दिवसभरात कुणाला काय काय बोललो नाही ते. आता तुमच्या गाण्याचंही सांगतील. आणि काय सांगू तुम्हाला, मला हसताना पाय आपटायची सवय लागलीय. तो नेमका जुना."